मनगटाला मनगट

लिफ्ट बसवणाऱ्यांच्या टोळीत त्याला सगळे पक्कड म्हणत. त्याच्या बोटांत सापडलेला नट पान्याची वाट बघत नसे, आणि ओळख म्हणून हात पुढे करणारा नवखा माणूस दुसऱ्या दिवशी लांबूनच मान डोलवून काम भागवत असे. त्याचा भाऊ त्याच टोळीत होता. त्या बिचाऱ्याला स्वतःचं टोपणनावसुद्धा मिळालं नाही. आधी तो पक्कडचा धाकटा होता, मग नुसता धाकटा झाला, आणि तोच राहिला.

या लोकांची एक रीत होती. इमारतीच्या पोटात लिफ्टसाठी उभी पोकळी सोडतात, तिला ते शाफ्ट म्हणतात. तिच्या काठावर एकाने दुसऱ्याला धरायचं झालं तर तळहातात तळहात द्यायचा नाही. तळहात घामेजतो आणि ऐनवेळी दगा देतो. मनगटाला मनगट धरायचं, मी तुझं आणि तू माझं, म्हणजे एकाची बोटं सुटली तरी दुसऱ्याची असतात. वजन टाकण्याआधी अंगठ्याने समोरच्याच्या नाडीवर दोनदा दाबायचं. त्याचा अर्थ एवढाच की ‘आहे’. समोरच्याने तसंच दोनदा दाबून उत्तर द्यायचं, मगच पाय उचलायचा. शाफ्टमध्ये गोंगाट इतका की बोलून उपयोग नसतो, म्हणून ही अंगठ्याची भाषा. धाकट्याला तिची इतकी सवय लागली होती की रस्ता ओलांडतानाही तो थोरल्याचं मनगट धरून दोनदा दाबायचा. थोरला ‘अरे, लोक बघतायत’ म्हणून चिडायचा, आणि चिडून का होईना, उत्तर द्यायचाच.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी धाकट्याने एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना कमरेचा सुरक्षेचा पट्टा जरा वेळ सोडला होता. तेवढा सगळेच सोडतात. पायाखालची फळी सरकली. थोरला वरच्या दारात होता, त्याने पालथं पडून उजव्या हाताने त्याचं मनगट पकडलं, आणि धाकट्याने त्याचं. धाकटा पोकळीत लोंबकळत राहिला. थोरला ओरडत होता, पण गोंगाटात कुणाला काही ऐकू जाईना. मग कुठेतरी ब्रेक सुटला, आणि लिफ्टच्या पाळण्याला तोलून धरणारं ते अवजड वजन रुळावरून सरसरत खाली आलं. थोरल्याचा हात कोपराच्या खाली त्या वजनात आणि रुळात सापडला. पुढचं त्याला काही आठवत नाही. शुद्धीवर आला तेव्हा हात नव्हता, आणि भाऊही नव्हता.

मूठ मात्र होती.

पट्ट्या बांधलेल्या थोट्या हातापुढे, जिथे नुसती हवा होती तिथे, त्याची मूठ मिटलेली होती आणि मुठीत धाकट्याचं मनगट होतं. गोल, गरम, हाडाशी थोडं चपटं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हात गेला तरी मेंदूला ते पटायला वेळ लागतो. पक्कडने मान हलवली. त्याला डॉक्टरांशी वाद घालायचा नव्हता. उलट त्याला मनातून बरंच वाटलं होतं. मूठ मिटलेली आहे, म्हणजे आपण सोडलं नाही.

कारण त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. वजन येण्याआधी त्याचा हात पेटल्यासारखा झाला होता, बोटांतली ताकद पाण्यासारखी ओसरत होती, एवढं त्याला आठवत होतं. आधी बोटं उघडली की आधी वजन आलं? हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. विचारणार कोण? आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "माझ्या थोरल्याने हात दिला, पण भावाला सोडलं नाही हो!" येणारा माणूस त्याच्या रिकाम्या बाहीकडे बघून डोळे पुसायचा. पक्कड खाली मान घालून चहा प्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी त्याने ती झाकूनच ठेवली होती.

पण पुढे काहीतरी बिघडत गेलं. मुठीतलं मनगट बारीक व्हायला लागलं. आधी त्याला वाटलं, भास आहे. भासाचाच भास! पण रोज सकाळी उठल्यावर मुठीत आदल्या दिवसापेक्षा कमी काहीतरी असायचं. गरमपणा गेला. मग मांस गेल्यासारखं झालं आणि नुसतं हाड हाताला लागायला लागलं. ते निसटू नये म्हणून त्याची बोटं आणखी आवळली. एके दिवशी हाडही लागेना. बोटं आपल्याच तळव्यात रुतली, आणि नसलेली नखं नसलेल्या तळव्यात घुसून असा ठणका सुरू झाला की एवढा आडदांड माणूस न्हाणीघराची कडी लावून रडला. कडी लावली तरी रडू बायकोला ऐकू आलंच.

बायको शांत स्वभावाची होती. त्या दिवशी मात्र तिने कडी वाजवली नाही, ती सरळ दाराबाहेर बसून बोलली.

"अहो, किती दिवस असं करणार? घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, कुणी हसत नाही. त्या मुठीला जाग येईल म्हणून भितो आम्ही. तुम्ही गेलेल्याला धरून बसलात, मग आम्हाला कुठल्या हाताने धरणार?"

आतून कडी निघाली. मग तो म्हणाला, "जातो. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या व्यायामाच्या बाईंकडे जातो."

व्यायामाच्या बाई रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्यासमोरच्या खोलीत बसत. खोलीला कायम ओल्या चादरींचा वास यायचा. भिंतीवर एक प्लास्टिकचा हात टांगलेला होता, कातडी काढलेला, आतले सगळे लाल स्नायू उघडे. बाई उंचीने बेताच्या आणि तोंडाने फटकळ होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "या दादा, बसा."

"दादा म्हणू नका," पक्कड म्हणाला. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुन्हा कधीही तो शब्द उच्चारला नाही. तिथेच त्या त्याला आवडल्या.

काम असं होतं. त्याला एक कृत्रिम हात मिळणार होता, उरलेल्या स्नायूंच्या इशाऱ्यावर मिटणारा आणि उघडणारा. इशारा नीट देता आला तरच तो हात उपयोगाचा. बाईंनी थोट्या हाताच्या आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक अशा दोन चकत्या चिकटवल्या. समोरच्या पडद्यावर दोन रेघा सुरू झाल्या. निळी मिटण्याची, लाल उघडण्याची.

"पण मिटणार काय?" त्याने विचारलं. "बोटं तर नाहीत."

"बोटं नाहीत, पण बोटं ओढणारे आहेत की!" बाईंनी प्लास्टिकचा हात खाली काढला. "बोटांत मांस असतं कुठे? बोटं म्हणजे नुसती हाडं आणि दोऱ्या. ओढणारे गडी इथे, कोपराखाली बसलेले. त्यांच्या दोऱ्या मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. हा बघा, अंगठा वाकवणारा, याचं मूळसुद्धा इथे वर, तुमच्या आतल्या चकतीखालीच. तुमच्या दोऱ्या तुटल्या, पण गडी अजून कामावर आहेत."

हे त्याला लगेच कळलं. मोटर वर गच्चीत आणि पाळणा खाली, त्याचा जन्म याच व्यवहारात गेला होता. मग बाईंनी त्याला स्नायूच्या आतलं दाखवलं. जुड्यांच्या आत जुड्या, त्यांच्या आत तंतू, तंतूंच्या आत त्याहून बारीक धागे.

"हा तर आमचा तारदोर झाला," तो म्हणाला. "तारांचे पेड, पेडांचा दोर."

"तुमचा दोर नुसता लोंबतो. हा स्वतः आखडतो. यातले जाड धागे बारीक धाग्यांना इवल्या आकड्यांनी धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढचं धरतात. विहिरीतून दोर ओढताना आपण हात बदलतो ना, तसं. आणि स्नायू ओढतोच फक्त. ढकलणं त्याला येत नाही."

"दोरालाही नाही येत. म्हणून तर दुसऱ्या बाजूला वजन..." एवढं बोलून तो थांबला.

बाईंनी प्लास्टिकचा हात टेबलावर ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "हो. म्हणून प्रत्येक स्नायूला समोरून ओढणारा दुसरा लागतो. मिटणाऱ्याने सैल सोडलं आणि उघडणाऱ्याने ओढलं, तर मूठ उघडते. आता उघडा बघू."

त्याने डोळे मिटून उघडायचा प्रयत्न केला. लाल रेघ वर गेली, पण निळी तिच्याहून वर गेली. दोन्ही गडी एकमेकांविरुद्ध ओढत राहिले. त्याला दरदरून घाम फुटला, तळव्यात नखं घुसली, आणि निळी रेघ काही खाली येईना. तो रोज यायचा आणि रोज हेच व्हायचं. बाई वैतागायच्या, मग स्वतःच्या वैतागण्यावर वैतागायच्या, आणि त्याला शेंगदाणे खायला द्यायच्या.

एकदा शेंगदाणे खाता खाता त्या सहज बोलून गेल्या, "गंमत बघा, लोकांना वाटतं धरायला ताकद लागते आणि सोडणं फुकट असतं. तसं नाही. ते आकडे आहेत ना, त्यांना सुटायलाही इंधन लागतं. म्हणून तर माणूस गेला की काही वेळाने अंग ताठ होतं. इंधन संपलं, आकडे धरलेले तसेच राहिले. पुढे ते सैल पडतं, पण ते काही सोडणं नव्हे, मोडणं झालं. सोडायचं तर जिवंतच असावं लागतं."

पक्कडच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. म्हणजे धरून राहतो तो मेलेला, आणि सोडतो तो जिवंत! त्याने पडद्याकडे बघितलं. निळी रेघ एखाद्या प्रेतासारखी ताठ उभी होती. मग आजवर गिळलेला प्रश्न त्याने विचारलाच.

"बाई, माणसाने ठरवलं नाही, तरी मूठ आपोआप सुटते का?"

बाईंना त्याची हकिगत माहीत होती. सगळ्या रुग्णालयाला माहीत होती, आईच्या कृपेने.

"सुटते," त्या म्हणाल्या. "फार वेळ ओझं धरलं की स्नायू थकतो. मनाने कितीही हुकूम सोडले तरी त्याचा जोर कमी होत जातो. त्यात मनाचा काही दोष नसतो."

"आणि न सुटता हात तुटला असेल तर?"

"तेही असेल."

"मग कळणार कसं, आधी काय झालं?"

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. "स्नायू साक्ष देत नाही हो, तो फक्त ओढतो. तुम्ही या मुठीला साक्षीला उभं केलंत, आणि ती तुम्हालाच खातेय."

तो उठून निघून गेला. नंतरच्या दिवशी तो गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी बसून राहिला. आईकडे कुणीतरी आलं होतं आणि आई तेच सांगत होती, "सोडलं नाही हो त्याने!" त्याला वाटलं, ओरडून सांगावं की आई, मला माहीत नाही गं. पण आईच्या अंगात तेवढ्या एका वाक्याचा आधार राहिला होता, आणि तो काढून घ्यायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने पाहुण्यांसमोर चहाचा कप उचलला, तेवढ्यात ठणका उठला आणि कप कलंडला. चहा सांडला. बायकोने तो पुसला, आणि त्याच्या बाहीचं टोक धरून हळूच म्हणाली, "मी येऊ का उद्या बरोबर?"

"नको," तो म्हणाला. "मी जातो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी टेबलावर एक खोकं ठेवलं होतं. बुटांच्या खोक्याहून जरा मोठं, आणि त्याच्या एका अंगाला आरसा चिकटवलेला. न्हाणीघरातलाच असावा, कोपऱ्यावर दाढीच्या साबणाचा डाग होता.

"उजवा हात आत, खोक्यात. डावा आरशासमोर. आणि बघायचं आरशात."

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" तो कसनुसं हसत म्हणाला.

"काकण असतं तर लागला नसता. इथे हातच नाही, म्हणून लागतो. बसा मुकाट्याने."

त्याने थोटा हात खोक्यात सरकवला, डावा आरशासमोर ठेवला आणि बघितलं. आरशात त्याचा उजवा हात होता. अंगठा, चार बोटं, मनगट, सगळं जिथल्या तिथे. इतके महिने जिथे नुसता ठणका होता तिथे आता हात दिसत होता, आणि ठणका त्या हातात जाऊन बसला, अगदी चपखल.

"आता दोन्ही मुठी मिटा. आहे तशी. हां. आता दोन्ही मिळून उघडायच्या. सावकाश."

डाव्या हाताची मूठ उघडायला कितीसा वेळ लागणार? पण त्याला ती उघडवेना. त्याला पुन्हा दार दिसलं, पोकळी दिसली, खालून वर बघणारा धाकट्याचा चेहरा दिसला. धाकटा घाबरलेला नव्हता. हे तो आजवर विसरला होता. दादाने धरलंय म्हटल्यावर तो लहानपणीही कधी घाबरला नव्हता.

"बाई, मी उघडली तर तो पडेल," पक्कड म्हणाला. चाळिशी गाठलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला माणूस, लहान पोरासारखा म्हणाला.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. त्यांनी आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "तो पडलाय," त्या म्हणाल्या. "केव्हाच पडलाय. आता तुम्ही एकटेच लोंबकळताय तिथे."

तो रडायला लागला. रडता रडताच आरशातल्या मुठीची करंगळी उचलली गेली. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. पडद्यावरची निळी रेघ थरथरली आणि उतरायला लागली. अंगठा सर्वांत शेवटी सुटला. तळव्यातली नखं निघाली आणि तिथे गार वारं लागल्यासारखं झालं. आरशात त्याचा उजवा तळवा उताणा, उघडा, रिकामा पडला होता. आत काही नव्हतं. हाड नव्हतं, मनगट नव्हतं, धाकटा नव्हता. ठणका थांबला. तो थांबल्यावर जी शांतता झाली ती इतकी मोठी होती की त्याला धोबीखान्यात टपटपणारं पाणी ऐकू आलं.

"सोडलं मी," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "आता काही करू नका. दोन्ही हात असेच सैल पडू द्या. बघा पडद्यावर."

पडद्यावर दोन्ही रेघा आडव्या झाल्या होत्या, निळीही आणि लालही. "एकदम शांत," बाई हरखून म्हणाल्या. "तुमचा एक तंतूसुद्धा हलत नाहीये. असं आज पहिल्यांदा झालं बघा."

तो बघत राहिला. आणि मग, मुठीचा ठणका गेल्यामुळे, त्या ठणक्याखाली इतके महिने दबून राहिलेलं दुसरंच काहीतरी त्याला जाणवायला लागलं. आधी वाटलं पट्टी असेल. पण मनगटावर पट्टी कुठली, मनगटच नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं तिथे, वरच्या बाजूला चार बोटं होती आणि नाडीवर अंगठा. गरम, खरखरीत, ओळखीची बोटं. ती ना सैल झाली होती, ना बारीक झाली होती. मूठ उघडली तरी धाकटा पडला नव्हता. त्याने स्वतः धरलेलं होतं. मी तुझं, तू माझं. इतके महिने पक्कडला फक्त आपलंच धरणं आठवत होतं.

त्याने श्वास रोखून पडद्याकडे बघितलं. दोन्ही रेघा सपाट होत्या. त्याच्याकडून काहीही होत नव्हतं.

नाडीवरचा अंगठा दाबला गेला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

त्याला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही, मानेवरचे केस उभे राहिले. पण रीत ती रीत. ‘अरे, लोक बघतायत’ असं त्याच्या ओठांवर आलं, आणि त्याने उत्तर दिलं.

सपाट पडलेली निळी रेघ दोनदा टुणकन उडाली आणि पुन्हा खाली बसली.

"अहो, हे काय केलंत?" बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "हा अंगठ्याचा स्नायू आहे. तुम्हाला सैल राहा म्हटलं होतं ना?"

"काही नाही," पक्कड आरशातल्या रिकाम्या हाताकडे बघत म्हणाला. "आहे म्हटलं."